समोरून आई

"पुन्हा एका बाजूनंच काढलंस? मी काय रुसून बसलेय?" आई हसली. उद्या ती काही वर्षांसाठी चंद्रावर कामाला निघणार होती.

चार्वीच्या यांत्रिक हातमोज्यात जुन्या दरबारी चित्रकारांचं कसब भरलेलं होतं. रेघ केसासारखी बारीक येई. पण दरबारी रिवाजाप्रमाणे प्रत्येक चेहरा एका बाजूला वळे आणि त्याचा एकच डोळा दिसे.

चार्वीने हातमोजा काढून ठेवला.

"हातमोज्याशिवाय हात थरथरेल हं, बाळ," तिला चित्रकला शिकवणारे देवस्थळी सर म्हणाले.

"थरथरू दे, सर. चित्रातल्या आईनं माझ्याकडे बघायला हवं."

पहिला डोळा जरा तिरपाच आला. चार्वीने श्वास रोखला, कुंचला रंगात बुडवला आणि दुसऱ्या डोळ्याची रेघ ओढायला घेतली.