दुप्पट

उकंडरावांनी पाण्याचा गडवा लाथेनं उडवला आणि पुतण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या आपल्याही आहेत, हे रागाच्या भरात त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

तीन दिवस झाले होते. अनसिंगच्या शिवारात, कापूस साठवायच्या खोपडीत, तुळशीरामनं सख्ख्या काकाला कमरेला दोर लावून खाटेला बांधून ठेवलं होतं. कारण जुनंच. वाटणीत उकंडरावांनी भावाची काळी जमीन गिळली, त्याच्या माथी बरड मारली आणि त्या काळ्या जमिनीच्या जोरावर छप्पन साली जिनिंग टाकलं. भाऊ झुरून मेला. त्याच्या पोराला आता दोन हजार हवे होते, नाहीतर काका घरी जाणार नव्हता.

"माहा इंद्रभान अजून जिता हाये," उकंडराव गरजायचे. "तुले खडी फोडाले नाही धाडलं तं पाह्य."

त्यांचा सगळा जीव त्या एकुलत्या पोरात. पोरानं मोटार घेतली, बापाला न विचारता कागदांवर सह्या करू लागला, जेवताना बोलेनासा झाला. कामाचा व्याप, दुसरं काय, अशी ते स्वतःची समजूत घालत.

दुपारी तुळशीराम इंद्रभानला भेटून परतला. त्यानं एक गाठोडं खाली ठेवलं आणि नोटांची थप्पी खाटेवर फेकली. मागितले होते दोन हजार, इंद्रभाननं चार दिले होते. घासाघीस नाही, पोलीस नाही.

उकंडरावांचे डोळे भरून आले. गाठोड्यात घोंगडी होती, धोतरं होती, दम्याच्या पुड्या होत्या. रस्त्यात गारठा बाधू नये, बापानं मळक्या धोतरात गावात शिरू नये, इतका विचार पोरानं केला होता.

"याले म्हनते पोरगा," ते म्हणाले. "तुह्या बापाले असा भेटला नाही."

तुळशीरामनं दोर सोडला. उकंडरावांनी वहाणा चढवल्या. उद्याच्या उद्या याला बेड्या ठोकायच्या, असं मनाशी पक्कं करून ते निघाले, तर तुळशीराम दारात आडवा उभा.

"बाजूले हो. पैसे भेटले ना तुले?"

"भेटले, काकाजी. पन ते तुमाले सोडाचे नाहीत. तुमाले घरी येऊ न द्याचे हायेत."