एर्नाचा कोट

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या चेक गावातल्या जर्मनांना छावणीत कोंडलं. त्यांतल्याच एर्नाच्या रिकाम्या घरातून व्लास्ताच्या आईनं कोट उचलून आणला. "आई, हा एर्नाचा आहे!" "होता. घाल मुकाट्यानं, नाहीतर जा कुडकुडत." व्लास्तानं घातला. शाळेच्या वाटेवर देशाबाहेर हाकलल्या जाणाऱ्या जर्मनांची रांग भेटली. दंडावर जर्मनांची खूण म्हणून पांढरी पट्टी बांधलेली एर्ना तिच्यासमोर थबकली. दोघी बालमैत्रिणी, एकमेकींची भाषा एकमेकींकडूनच शिकलेल्या. एर्ना जर्मनमध्ये हळूच म्हणाली, "छान दिसतोय गं तुला. डावा खिसा फाटलाय, त्यात काही ठेवू नकोस." कोट काढायला व्लास्तानं गुंडी सोडली. तेवढ्यात सोबतच्या वर्गमैत्रिणींनी विचारलं, "काय म्हणतेय गं ती पट्टीवाली?" "कुणास ठाऊक!" व्लास्ता चेकमध्ये ओरडली. "मला कुठं जर्मन येतं!" एर्नाला शब्दन्‌शब्द कळला. ती रांगेत मिसळली. खालमानेनं व्लास्तानं सुटलेली गुंडी परत लावली.