जिवंत जन्मलेली मुलं

मोरीनने खुर्ची मागे ढकलली तशी वाचनकक्षातली दोन-चार डोकी वर झाली. तिला त्याची पर्वा नव्हती. "पुन्हा वाच," ती पद्मजाला म्हणाली. "हळू वाच."

पद्मजाने मशीनच्या पडद्याजवळ वाकून पुन्हा वाचलं. १९११ सालच्या जनगणनेचा तो कागद होता, आयर्लंडच्या लीट्रिम परगण्यातल्या एका घराचा. मायक्रोफिल्मवर अक्षरं फिकट झाली होती, आकडे मात्र स्वच्छ होते. घरातली बाई ब्रिजिट. लग्नाला चौदा वर्षं. जिवंत जन्मलेली मुलं नऊ. त्यातली हयात चार.

ब्रिजिट म्हणजे मोरीनची आजी. मोरीन डब्लिनच्या ओंगार या उपनगरात पद्मजाच्या शेजारी राहायची. सत्तरीला आलेली, निवृत्त नर्स. आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं तिने मनावर घेतलं होतं, पण मोतीबिंदू वाढल्यापासून फिल्म वाचणं तिला जमेना. पद्मजा औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होती, बारीक अक्षरांत तिचा जन्म गेला होता. म्हणून शुक्रवारची रजा टाकून ती मोरीनला डब्लिनच्या अभिलेखागारात घेऊन आली होती. येताना मोरीन खुशीत होती. काका-आत्यांची वयं कळतील, घराला खोल्या किती होत्या ते कळेल, एवढीच तिची अपेक्षा.

चारांची नावं सापडली. ती तिला पाठच होती. उरलेल्या पाचांना नावं नव्हती. गेलेल्यांची नावं लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

मोरीन आजीच्याच कुशीत वाढली होती. आजी गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. आजीने, वडिलांनी, आत्यांनी, कुणीच त्या पाचांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पद्मजाने समजूत घालून पाहिली. म्हणाली, त्या काळी घरोघरी मुलं जायची, लोक त्याबद्दल बोलत नसत.

"बोलत नसत?" मोरीनने पडद्यावर बोट ठेवलं. "माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. हा कागद भरला तो दारात आलेल्या पोलिसाने. पोलिसाला सांगितलं त्यांनी. आम्हाला नाही."

परतताना गाडीत मोरीन खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा जबडा आवळलेला होता. पद्मजाला तो राग अनोळखी वाटला नाही. त्याचीच तिला धास्ती वाटली.

दोन दिवसांनी, रविवारी, आयर्लंडची नवी जनगणना होती. पद्मजाची मुलगी तन्वी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. दुपारी तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, किचनच्या टेबलावर बसून तिघांचाही फॉर्म भरून टाकला आणि एकदा नजर घाल म्हणून पद्मजापुढे सरकवला. तो सॉफ्टवेअरमधला माणूस, काम नेटकं होतं. काळ्या पेनने, चौकटीबाहेर न जाता.

तिच्या पानावर फक्त बायकांसाठी एक प्रश्न होता. आजवर किती जिवंत मुलांना जन्म दिलात?

शैलेंद्रने लिहिलं होतं, एक.

तन्वीच्या आधी नागपूरला, पद्मजाच्या माहेरी, एक मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. पद्मजा तापात होती, तिला धड शुद्ध नव्हती. शैलेंद्र आणि तिचे मामा बाळाला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर सांगितलं, आता हा विषय पुन्हा नको. शैलेंद्रने ते आजवर पाळलं होतं. ओंगारच्या दिवाळीत कुणी विचारलं की तो हसून सांगायचा, आमची तन्वी एकुलती एक. पद्मजा तेव्हा हातातल्या प्लेटकडे बघत राहायची.

"हे काय लिहिलंयस?" ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने प्रश्न वाचला आणि पेनाचं टोपण लावलं. खालच्या आवाजात म्हणाला की हे कोण तपासणार आहे, सगळं मशीनमध्येच तर जाणार.

तेव्हा पद्मजाचा तोल गेला. इतकी वर्षं न बोललेलं सगळं ती बोलली. तू तिला माती देऊन परत आलास, हात धुतलेस आणि माझ्या आईकडे चहा मागितलास. एकदाही रडला नाहीस. वर्षाच्या आत इथली नोकरी धरलीस आणि मला उचलून आणलंस, जणू ते सगळंच पुसून टाकायचं होतं. चार लोकांत मला खोटं पाडलंस, दर वेळी, आणि वर हसलास. ती बोलत होती आणि तो फ्रिजला टेकून उभा होता. त्याने एकदाही तिला अडवलं नाही. त्यामुळे ती आणखीच भडकली.

तिने पेन उचललं आणि तो एक खोडला. इतक्या जोरात, की कागद फाटला. बाजूला तिने दोन लिहिलं.

"नुसता आकडा आहे, पद्मा," तो म्हणाला.

"असू दे. बारसं नाही, नाव नाही. मी तर तिला नीट पाहिलंसुद्धा नाही. निदान आकडा तरी असू दे तिला."

शैलेंद्र खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. दोन्ही तळहात त्याने टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत राहिला.

"नाव आहे तिला," तो म्हणाला.

पद्मजाने पेन खाली ठेवलं.

"निधी. मातीत ठेवताना हाक मारायला काहीतरी हवं होतं."