थांबला की उतरायचं
अकरा वर्षांच्या ठकूला बोलणं फारसं जमत नसे, पण शिकवलेला नियम ती तंतोतंत पाळायची. थीमपार्कमधल्या आकाशपाळण्यासाठी बापानं महिनाभर घरात खुर्चीवर सराव करून घेतला होता: फिरतोय तोवर बसायचं, थांबला की उतरायचं. आज खाली माणसं चढत होती म्हणून पाळणा मध्येच, अगदी टोकाला थांबला. ठकूनं शांतपणे दांडीच्या कडीला हात घातला. बाप शेजारीच बसला होता. हात धरावा तर स्पर्श तिला खपत नसे. झटापट झाली तर दोघंही खाली! "ठकू, अजून नाही गं!" तिनं कडी अर्धी सरकवली. तेव्हा त्यानं सरावातला यंत्राचा आवाज तोंडानं काढला, "घर्रर्र!" तिनं कडी लावली. पाळणा फिरला, खाली येऊन थांबला. रांगेतली माणसं हसू लागली, तरी त्याची घर्रघर्र थांबेना. शेवटी ठकूनंच त्याच्या तोंडावर तळहात ठेवला.