सिओपाव जेवत नाही

"खा रे राजा. एवढा एकच घास."

नेनिताने उकडलेल्या कोंबडीचा तुकडा बोटांनी कुस्करून सिओपावच्या चपट्या नाकापुढे धरला. त्याने मान फिरवली. आज नववा दिवस होता.

सिओपाव म्हणजे वाफवलेला, गुबगुबीत पांढरा पाव. आर्लिनने आपल्या शिहत्झू जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला तेच नाव ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वी ती आखातात एका घरी कामाला गेली, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. निघताना तिने त्याला आईच्या मांडीवर ठेवलं. "नानाय, मी परत येईपर्यंत याला सांभाळ. मला दुसरं आहे कोण?"

नेनिताने सांभाळलं. रोज कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने डोळे पुसायचे, लांब केसांतला गुंता हलक्या हाताने सोडवायचा, कपाळावरच्या झिपऱ्या वर घेऊन रबर लावायचं. दुपारी पंखा त्याच्याकडे वळवायचा, कारण त्यांच्या इलोइलो शहरातल्या उकाड्यात असल्या कुत्र्यांना धाप लागते. पंखा एकच होता. नेनिता स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसायची.

आर्लिन नाताळला येणार होती. अजून दहा आठवडे. तोवर हा जगावा, एवढंच नेनिताचं देवाकडे मागणं होतं.

"आधी तू जेव, नानाय," रोमेल दारातून म्हणाला. हा तिचा थोरला, तीनचाकी चालवायचा. "जूनमध्ये दवाखान्यात काय सांगितलंय? हृदयाला ताण नको."

"माझं हृदय गेलं खड्ड्यात. गाडी काढ, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, रक्त तपासलं.

"दात तर माझ्यापेक्षा बरे आहेत," त्या म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "आजी, रक्तात काही सापडत नाही. पण वय झालंय. कधी कधी ही जनावरं आशाच सोडतात. कोणासाठी झुरतोय का?"

"झुरेल कशाला? त्याच्या अंगाखाली तिचा शर्ट आहे की!"

आई परदेशी गेली की तान्ह्या बाळाच्या उशाशी तिचा न धुतलेला कपडा ठेवायचा, ही इलोइलोकडची रीत. आर्लिनला मूलबाळ नव्हतं. ती घरी सामानाची पेटी पाठवायची, तेव्हा साबणाच्या वड्या आणि मांसाच्या डब्यांच्या मधे, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक वापरलेला शर्ट असायचा. सिओपावसाठी. आखातात तिच्या शेजारच्या घरी कामाला असलेली जिनालिन तिला पेटी भरू लागायची.

"नातवाचे नाहीत तर कुत्र्याचे लाड," शेजारीण लुझ कुंपणावरून टोमणा मारायची.

"नातू असता तर उलट बोलला असता," नेनिता म्हणायची.

नवी पेटी दहाच दिवसांपूर्वी आली होती. या वेळी सूर्यफुलांचा पिवळा शर्ट निघाला. नेनिताने तो लगेच ओळखला. फोटोत आर्लिनच्या अंगावर कितीदा पाहिला होता. जुना निळा शर्ट पार विरला होता. तो तिने घडी करून ट्रंकेत टाकला आणि पिवळा टोपलीत अंथरला.

दुपारी फोन वाजला. नव्या मालकिणीने बोलणं आणि कॅमेरा दोन्ही बंद करायला लावल्यापासून, म्हणजे जूनपासून, आर्लिनचा फक्त लिहिलेला निरोप यायचा, कधी सोबत एखादा फोटो.

"सिओपाव कसा आहे, नानाय?"

नेनिताने एका बोटाने लिहिलं, "मस्त. दोन वाट्या भात खाल्ला." आणि सोबत गेल्या वर्षीचा फोटो पाठवून दिला.

रोमेलने खांद्यावरून पाहिलं. "जुना फोटो पाठवतेस?"

"मग काय करू? लांब आहे पोर. एकटीच रडत बसेल. खरं कळून तिच्या हातात काय आहे?"

रोमेलने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिओपाव टोपलीत नव्हता. तो ट्रंकेपाशी जाऊन पडला होता, पंजाने पत्रा खरवडत. मरायला टेकलेलं जनावर कोपरा शोधतं, हे नेनिताने लहानपणापासून पाहिलं होतं.

"थांब, बाळा. खाली काहीतरी मऊ घालते."

तिने ट्रंक उघडली. वर जो कपडा होता तोच ओढून जमिनीवर पसरला. सिओपाव धडपडत त्यावर चढला. बाहीत नाक खुपसलं. शेपटी एकदा हलली, मग हलतच राहिली. तिने भीतभीत वाटी पुढे केली. तो जेवला. वाटी चाटूनपुसून साफ केली.

नेनिता रडता रडता हसली. आता आर्लिनला खरा फोटो पाठवता येणार होता. तिने फोन उचलला, आणि तिचं लक्ष त्या कपड्याकडे गेलं. जुना, निळा, विरलेला.

ती टोपलीपाशी गेली. पिवळा शर्ट उचलून तिने नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

मग ती खाली बसली आणि आर्लिनचे फोटो एकेक करून मागे सरकवू लागली. गेल्या रविवारी आलेला फोटो: खिडकी, हसणारी आर्लिन, सूर्यफुलं. हाच फोटो एप्रिलमध्येही आला होता. ऑगस्टमधला फोटो गेल्या नाताळचा होता.

तिने एका बोटाने लिहिलं, "हा शर्ट कोणी घातला होता, बाळ?"

सिओपाव घोरू लागला होता. पंखा त्याच्याकडेच वळलेला होता. खूप वेळाने उत्तर आलं.

"नानाय, मी जिनालिन. तुझ्या हृदयाला ताण नको म्हणून रोमेलने तुला कळू द्यायचं नाही असं सांगितलं होतं. शर्ट आर्लिनचाच आहे. पण जूनमध्ये ती देवाघरी गेली तेव्हा तिचे सगळे कपडे धुतलेले होते, म्हणून मी तो दोन दिवस अंगात घातला."