चिमटीचं वजन

"काका, टेबलावरचा हात काढा बघू," वजन करायला आलेली मुलगी म्हणाली.

"तोल जातो गं. सत्तरी उलटली की कळेल तुला," मास्तर म्हणाले. हात काही काढला नाही.

त्यांच्या उजव्या तळहातावर चिमटी बसली होती. मुलीनं काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. "आता तिला खाली ठेवा आणि एकटे उभे राहा." मास्तर पुन्हा काट्यावर चढले. हा दुसरा आकडा तिनं वहीत लिहिला.

"म्हणजे एक किलो दोनशे," मास्तरांनी तोंडी वजाबाकी केली. "झालं समाधान?"

चिमटी ही मास्तरांच्या बायकोची कुत्री. सहा वर्षांची झाली तरी ओंजळीत मावायची. प्रकृती तोळामासा. चार-चार तासांनी दोन चमचे खाणं द्यायचं. उशीर झाला की अंगातली साखर उतरून मान टाकायची, मग हिरड्यांना मध चोळायचा. सोफ्यावरून उडी मारू द्यायची नाही, कारण पाय काडीसारखे. टाळू तान्ह्या बाळासारखी मऊ. बाईंनी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी बाई दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून मास्तरांना काही वाटेनासंच झालं. रडू आलं नाही. भूक लागली नाही, झोप आली तरी ठीक, न आली तरी ठीक. लोक भेटायला येत, बोलत, जात. कोण येऊन गेलं हे संध्याकाळी आठवत नसे. फक्त चिमटीच्या खाण्याची वेळ कधी चुकली नाही. आणि लेकीला त्यांनी एकदाच बजावलं होतं, "डॉक्टर नावाचा माणूस या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. मला तपासायचं नाव काढायचं नाही." लेकीनं तो विषय सोडून दिला.

मग दोन महिन्यांपूर्वी ती चिमटीच्या मागे लागली. "बाबा, ही वाळत चाललीय. दर सोमवारी जनावरांच्या दवाखान्यातली एक मुलगी येऊन वजन करेल. एक किलोच्या खाली गेली की मी हिला माझ्याकडे नेणार. मग काही ऐकायची नाही."

लेक गेल्यावर मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वाडगा ठेवला आणि त्यात चिमटीला बसवलं. नऊशे वीस ग्रॅम.

मास्तर चांगलेच धास्तावले. कित्येक महिन्यांत काही वाटलं असेल तर ते एवढंच.

पण मुलगी आली ती माणसांचा मोठा काटा घेऊन. "ही एका जागी बसते कुठे, काका? तुम्ही हिला घेऊन उभे राहा, मग एकटे. वजा केलं की झालं."

चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं? एकटं उभं राहताना टेबल हातानं दाबायचं. आपला आकडा उतरला की चिमटीचं वजन वाढलंच! पहिल्या दिवशी तिनं हात हेरला, म्हणून पुढच्या सोमवारपासून मास्तर दोन्ही वेळा टेकायला लागले, दुसऱ्यांदा जरा जास्त. हलका हात ठेवला की आकडा थरथरायचा, जोरात रेटला की गप्प उभा राहायचा. त्यामुळे दर सोमवारी हात अधिक जड होत गेला. ते दोन आकडे काय का असेनात, फरक बरोबर आला म्हणजे झालं.

मुलगी तशी भोळीच होती. एकदा तिनं चिमटीला पुढच्या पायांना धरून उचललं.

"अगं अगं अगं! खांदे निखळतील तिचे! एक हात छातीखाली, एक बुडाखाली. दवाखान्यात काय भाजी निवडत बसतेस का?"

"शिकतेय, काका," ती ओशाळून म्हणाली.

काट्यावरून उतरताना ती त्यांचं मनगट धरायची आणि बराच वेळ सोडायचीच नाही. नजर घड्याळावर. पुढच्या घरी जायची घाई असेल, मास्तरांना वाटे. जाताना मात्र न चुकता सांगायची, "एकट्यानं जेवायला जनावरांना आवडत नाही. तुम्हीही तिच्या शेजारी बसून चार घास खात जा." मास्तर खायचे. चव लागत नसे, पण चिमटीसाठी खायचे.

नवव्या सोमवारी त्यांनी टेबल चांगलंच रेटलं.

"बघ, एक किलो दोनशे! तसूभरही कमी नाही," ते म्हणाले.

मुलीनं चिमटीकडे पाहिलंसुद्धा नाही. वहीची मागची पानं उलटली, चेहरा उतरला, आणि फोन घेऊन ती जिन्यात गेली. चोराच्या मनात चांदणं. पकडलं हिनं आपल्याला, मास्तरांना वाटलं. त्यांनी चिमटीला उचलून छातीशी धरलं. छाती धडधडत होती, तिची की आपली, कळेना.

तासाभरात लेक आली. हातात रिकामी बॅग, मागोमाग ती वजनवाली मुलगी. कपाट उघडून ती भराभर मास्तरांचे सदरे भरायला लागली.

"हे काय चाललंय?" मास्तर म्हणाले. "चिमटी किलोच्या वर आहे. विचार हिला. आपलं ठरलं होतं."

"चिमटीला काय धाड भरलीय?" लेक रडत म्हणाली. "आईच्या वेळेपासून ती नऊशेच ग्रॅम आहे. बाबा, ही माणसांची नर्स आहे. तुम्ही डॉक्टरला दारात उभं करेनात, म्हणून चिमटीचं निमित्त केलं."

तिनं वही त्यांच्यापुढे धरली. दर सोमवारचा एकच आकडा, मास्तर एकटे उभे असतानाचा. बासष्ट, एकसष्ट, साठ, असं उतरत उतरत पंचावन्न.

"दोन महिन्यांत सात किलो, बाबा! आत्ताच्या आत्ता दाखल करायचंय तुम्हाला," लेक म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. "द्या तिला इकडे, तिथे कुत्री चालत नाहीत."