झाकणाआडचा तारा

आरोंद्याच्या खाडीवर ताऱ्यांचे फोटो काढून झाले, की फेबी लेन्सला झाकण लावून आणखी दहा फोटो काढायची. त्या काळ्या फोटोंत कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उमटतात. ते वजा केले, की खरे तारे तेवढे उरतात.

या वेळी काळ्या फोटोंत एक ठिपका होता.

"कॅमेरो बिघडलो आसतलो गो," तिचा नवरा कुस्तोदियो म्हणाला.

"बिघडलेलो ठिपको एका जाग्यार ऱ्हवता. ह्यो ताऱ्यासारखो पश्चिमेक सरकता. सोडूचंय नाय मी तेका."

तिने दुसरा कॅमेरा आणला. त्यातही तो होता. भर दुपारी तिने झाकण लावलेला कॅमेरा तांदळाच्या पिंपात पुरून पाहिला. तिथेही तो होताच, उलट वाटाण्याएवढा झाला होता. मग आठवडाभर तिने त्याची जागा आलेखावर मांडली. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो फोटोच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा होता.

गुरुवारी तिने कॅमेरा काढलाच नाही. घड्याळ बघून डोळे मिटले आणि वरून तळहात घट्ट दाबले.

तो मध्यावर होता. गणित जमल्याचा तिला क्षणभर आनंदच झाला.

मग त्या ठिपक्याने पापणी मिटली, आणि सावकाश उघडली.